जळकं ऑईल हे घोड्याच्या कातडीचं औषध नाही

पावसाळा लागला की घोडेवाल्यांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: 'केस गेले, चट्टे पडले म्हणजे खरूज. गाडीचं जळकं ऑईल नि गंधक कालवून अंगभर चोपडा. आठ दिवसांत कातडी साफ. डॉक्टर कशाला? माणसाला काही होत नाही.' कृपा करून हा पुढे पाठवू नका.

चट्टा दिसला की खरूज, हे पहिलंच चूक. तंगाखाली (खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याखाली), खोगिराखाली गोल चट्टा आणि कडेला कोंडा असेल तर बहुधा गजकर्ण, म्हणजे बुरशी. आयाळ नि शेपटीचं मूळ घासून घासून उघडं पडलं असेल तर चिलटांच्या चाव्याची अ‍ॅलर्जी. आणि पावसात भिजणाऱ्या घोड्याची पाठ जवळून बघा. केसांचे झुपके चिकटून खपल्या धरतात. एखादी खपली हलकेच उचलली तर केस मुळासकट तिच्याबरोबर येतात, रंगाऱ्याच्या ब्रशासारखे, आणि खाली ओली, गुलाबी कातडी दिसते, कधी पूही. हा डर्माटोफिलस नावाचा जिवाणू. तो ओलाव्यावर पोसतो. त्यावर ऑईलचा थर दिला की ओल आत कोंडते आणि दुखणं पसरतं. या घोड्याला हवा कोरडा आडोसा, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने अंग धुणं आणि जास्त झालं असेल तर डॉक्टरांनी दिलेलं प्रतिजैविक.

गंधकाला माझा विरोध नाही. लाइम सल्फरचं, म्हणजे चुना-गंधकाचं, पाण्यातलं द्रावण पशुवैद्यही वापरतात. पण जळक्या ऑईलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातू आणि कर्करोगाला कारण होणारी रसायनं असतात. घोडे एकमेकांची मान-पाठ दातांनी खाजवतात, तेव्हा ते थेट पोटात जातं.

'आठ दिवसांत साफ' याचंही तसंच. धडधाकट घोड्याचं गजकर्ण एक ते तीन महिन्यांत बहुधा आपोआप ओसरतं. श्रेय ऑईल घेतं. बुरशीचे बीजाणू मात्र खराऱ्याच्या ब्रशात, झुलीत, तंगात महिनोन्‌महिने टिकतात आणि शेजारच्या घोड्याला धरतात. म्हणून सामान वेगळं ठेवणं आणि निर्जंतुक करणं हा निम्मा इलाज.

डॉक्टर कशाला, तर चट्ट्याच्या कडेचे केस आणि कातडीची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. बुरशी, जिवाणू की कीड, हे तिथेच कळतं. नुसत्या डोळ्यांनी अनुभवी माणूसही फसतो.

'माणसाला काही होत नाही' हे तर सगळ्यात घातक वाक्य. गजकर्ण मोतद्दाराच्या हातावर सहज येतं. त्याहून भयंकर ग्लँडर्स, हा घोड्यांचा जिवाणूमुळे होणारा संसर्गजन्य रोग: पायावर ओळीने गाठी, त्या फुटून मधासारखा चिकट पू. हा रोग माणसाचा जीव घेऊ शकतो, आणि 2006 साली तो महाराष्ट्रातल्या घोड्यांत पुन्हा आढळला होता. अशा गाठी दिसल्या तर उघड्या हाताने शिवू नका, घोडा सारंगखेड्याच्या बाजारात नेऊ नका, बाकीच्यांपासून वेगळा बांधा आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासला जातो. निकाल येईपर्यंत त्या घोड्याचं पाणी, चारा आणि बादली दुसऱ्या जनावराला लागू देऊ नका.