क्रमांक वरचा म्हणजे सगळ्या 17 उद्दिष्टांत अव्वल?

शाश्वत विकासाच्या जागतिक क्रमवारीत अमुक विद्यापीठ पहिल्या शंभरात आले, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सर्व 17 उद्दिष्टांत ते पुढे आहे, आणि हा शिक्का संयुक्त राष्ट्रांचाच, असा संदेश सध्या फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

ही 17 उद्दिष्टे संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारली, हे खरे. पण संदेशातली ‘इम्पॅक्ट रँकिंग’ ही क्रमवारी टाइम्स हायर एज्युकेशन या खासगी संस्थेने 2019 मध्ये सुरू केली. तिचा हिशेब बघण्यासारखा आहे. 2024 च्या क्रमवारीत एकूण गुणांपैकी 22 टक्के 17व्या उद्दिष्टाला, म्हणजे भागीदारीला होते, ते सक्तीचे. उरलेले 78 टक्के विद्यापीठाच्या सर्वांत चांगल्या तीन उद्दिष्टांना, प्रत्येकी 26. त्यामुळे लैंगिक समानता, आरोग्य आणि दर्जेदार शिक्षण यांत उत्तम असलेले विद्यापीठ ऊर्जेच्या वापरात ढिसाळ असले, तरी एकूण यादीत वर जाऊ शकते. नियमांत हे उघड लिहिलेले आहे, लपवाछपवी नाही. जाहिरातीत मात्र ते सोयीने गाळले जाते!

बरीचशी माहिती आणि पुरावे विद्यापीठ स्वतःच पाठवते. भाग घेणेही ऐच्छिक, त्यामुळे यादीत नाव नाही म्हणून काम नाही, असेही नव्हे.

एखाद्या विद्यापीठाबद्दल खरेच जाणून घ्यायचे असेल, तर उद्दिष्टनिहाय गुण पाहावेत आणि विजेचा, पाण्याचा वार्षिक वापर मागावा.