डिरेलर काही पहार नाही

आमच्या साडूंची सायकल भिंतीला टेकवलेली होती, ती घसरली आणि उजव्या कुशीवर पडली. दुसऱ्या दिवसापासून मधले गिअर नीट पडेनात, चेन कुरकुरायला लागली. मला फोन करायच्या आधीच त्यांना तो फिरता निरोप सापडला. तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल: हँगर (मागच्या चाकापाशी फ्रेमला असलेली छोटी पट्टी, जिच्यावर चेन गिअरांवर सरकवणारा डिरेलर टांगलेला असतो) वाकला असेल तर पाच मिनिटांत घरीच सरळ करा. मागून डोळ्यानं बघा, डिरेलर मुठीत धरून खेचा, उरलेली कसर स्क्रूनं काढा, हट्टी असेल तर जरा गरम करा. गेज-बिज (हँगरचा कोन मोजायचा लांब दांडा) लागत नाही, दुसऱ्या सायकलचं चाकही चालतं. आणि नवा हँगर घ्या म्हणणारे तुम्हाला लुटतात. साडूंना मी काही बोलू शकत नाही, म्हणून निरोपालाच बोलतो.

आधी डोळ्याचं. मी गेलो तेव्हा साडूंचं काम उरकलेलं होतं. "बघा, सुतासारखा सरळ," म्हणाले. मागून बघितलं तर खरंच सरळ दिसत होता. डिरेलर काढला आणि हँगरच्या भोकात गेजचा दांडा आट्यांवर बसवला. चाकाचा व्हाल्व्ह वर घेतला, गेजचं टोक त्याच्या शेजारी रिमला टेकवलं. मग चाक अर्धा फेरा फिरवून तोच व्हाल्व्ह खाली आणला, दांडाही त्याच्यामागून फिरवला. (दोन्हीकडे रिमची तीच जागा मोजायची, म्हणजे चाक आऊट असलं तरी मापात येत नाही.) टोक आणि रिम यांच्यात बोट मावेल एवढी फट होती. मोजली तर १४ मिलिमीटर. तीही उलट्या बाजूची! पडल्यावर आत गेलेला हँगर साडूंनी ओढून पार बाहेर काढला होता.

७०० सी चाकाच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर धरतात. एवढ्या अंतरावर १४ मिलिमीटर म्हणजे कोन जेमतेम सव्वा अंशाचा. हँगर उणापुरा ३ सेंटिमीटरचा, त्याच्यावर हा फरक पाऊण मिलिमीटरही भरत नाही. तो कुणाला दिसणार? पार्क टूल ही सायकलची हत्यारं बनवणारी अमेरिकन कंपनी. त्यांच्या गेजच्या सूचनांमध्ये रिमपाशी ४ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो असं दिलंय. १० गिअरच्या कॅसेटमध्ये (मागच्या दातेरी चकत्यांच्या गठ्ठ्यात) एका चकतीपासून दुसरी ४ मिलिमीटरला किंचित कमी अंतरावर असते. तिथे डिरेलरची वरची चाकी एक-सव्वा मिलिमीटर सरकली की चेन दोन्ही चकत्यांशी भांडते. जुन्या ६-७ गिअरच्या सायकलींना हे खपून जायचं. निरोप लिहिणारा बहुधा त्याच काळात राहतोय.

आता खेचण्याचं. माझा खरा राग इथे आहे. डिरेलर म्हणजे छोट्या पिनांवर डुलणारी चौकट. ती मुठीत धरून जोर लावला की हँगरच्या आधी पिना ढिल्या होतात, नाहीतर पिंजरा (चेनच्या दोन चाक्या धरणारा खालचा भाग) पिळतो. आणि सगळा जोर जातो तो एका बोल्टच्या आट्यांवर. आटे १० मिलिमीटरचे, १ मिलिमीटर पिचचे, तेही ॲल्युमिनियममध्ये. साडूंच्या हँगरमधून गेज काढलं तेव्हा त्याच्या टोकाला चंदेरी चुरा चिकटून आला. मी तो बोटावर घेऊन त्यांना दाखवला. ते म्हणाले, "ग्रीस असेल."

वाट चुकल्या जागी सायकल बंद पडली आणि घर गाठायचं असेल, तर बोल्टमध्ये ५ मिलिमीटरची ॲलन की घालून हलकेच रेटायला मीही नाही म्हणणार नाही. पण ती घरी पोचेपर्यंतची सोय.

स्क्रूचा सल्ला सगळ्यांत घातक. एल आणि एच हे स्क्रू डिरेलरनं आत-बाहेर कुठपर्यंत जायचं ते अडवतात. कोन त्यांच्या हातात नाही. हँगर बाहेर झुकल्यामुळे साडूंची चेन मोठ्या चकतीवर चढेना, म्हणून त्यांनी एल स्क्रू सोडतच नेला. मी चाक फिरवून केबल बोटानं ताणली, तर पिंजऱ्याचं टोक आऱ्यांना टकटक लागलं. हेच चढावर, सगळा भार पॅडलवर असताना झालं असतं तर? पिंजरा आऱ्यांत, डिरेलर गुंडाळून वर, चाक जागच्या जागी बंद. हाडं मोडायला वेग लागतोच असं नाही.

गरम करण्याबद्दल थोडक्यात. ॲल्युमिनियम लोखंडासारखं आधी लाल होऊन सावध करत नाही, आणि त्याला जी ताकद उष्णतेच्या प्रक्रियेनं दिलेली असते ती शेगडीवर जाते. शेजारचा रंगही जातो. साडूंनी ही पायरी गाळली, देव पावला.

चाकाची युक्ती मात्र खरी आहे, नाइलाजानं कबूल करतो. बऱ्याच मागच्या चाकांच्या ॲक्सलचे आटे हँगरच्याच मापाचे असतात. ते चाक हँगरमध्ये बसवलं की दोन चाकं शेजारी-शेजारी उभी राहतात, आणि त्यांच्यातलं अंतर चहूकडे मोजता येतं. म्हणजे गेजच झालं की ते! मोजणं नको म्हणणाऱ्यानंच मोजायची रीत सांगितली आहे. फक्त सायकलचं स्वतःचं चाक खाचेत पूर्ण बसवून आवळलेलं हवं.

राहिली लूट. पोलादी फ्रेमचा हँगर बहुधा फ्रेमचाच भाग असतो, तो वाकवून पुन्हा जागेवर आणता येतो. त्यामुळे "पूर्वी कोण बदलत होतं" हे अर्धं बरोबर. ॲल्युमिनियमचा सुटा हँगर मुद्दामच कमजोर ठेवतात, फ्रेमऐवजी तो जावा म्हणून. पण शेकडो आकारांचे हँगर काढून ठेवलेत, जुना तुकडा हातात घेऊन जोडी शोधावी लागते, ही कटकट खरीच. २०१९ मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीनं सगळ्यांसाठी एकच हँगर म्हणून यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) आणला. साडूंच्या सायकलला तो बसत नाही.

शेवटी त्यांच्या जातीचा नवा हँगर मिळाला. बसवल्यावर साडू लगेच डिरेलर लावायला निघाले, नवा आहे म्हणून. मी आधी व्हाल्व्हपाशी मोजला. ६ मिलिमीटर निघाला.