पाळीत दुखतं, पण नेमकं कधी?

“थोडंफार दुखायचंच” आणि “गोळीची सवय लागते” ही दोन वाक्यं आपल्याकडे मुलींना पहिल्या पाळीसोबतच मिळतात. दोन्ही बंद व्हायला हवीत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी घरात एकच प्रश्न विचारला जावा: त्रास नेमका कधी होतो? रक्तस्राव सुरू होण्याआधी, त्याच्यासोबत, की पाळी संपल्यावरही? कारण शोधायची दिशा या उत्तरातून मिळते, आणि हे उत्तर फक्त त्या मुलीकडेच असतं.

आधी कळांबद्दल. पाळी यायच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन उतरतं आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोरात आकुंचन पावतो, रक्तवाहिन्या आवळतात, स्नायूला रक्त अपुरं पडतं आणि ओटीपोटात कळ येते. कंबर, मांड्या भरून येतात. हीच रसायनं आतड्यांनाही चाळवतात, म्हणून अनेकींना पहिल्या दिवशी मळमळ आणि पातळ शौचाला होतं. रात्रीच्या जेवणावर त्याचं खापर फोडायचं कारण नाही. अशा दुखण्याचा जोर पहिल्या २४ ते ४८ तासांत असतो आणि साधारण तिसऱ्या दिवशी ते ओसरतं.

गोळीचं गणित इथेच चुकतं. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. दुपारपर्यंत सहन करून, अगदीच असह्य झाल्यावर गोळी घेतली, तर तोवर ती रसायनं तयार होऊन कामाला लागलेली असतात. मग “मला गोळी लागूच पडत नाही” असा समज होतो. डाग दिसताच किंवा पहिली कळ जाणवताच, काहीतरी खाऊन गोळी घ्यायची. प्रौढ स्त्रीसाठी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दर ६ ते ८ तासांनी, स्वतःहून घेताना दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही. मेफेनॅमिक ॲसिड सुरुवातीला ५०० आणि मग दर ६ तासांनी २५०. दोन्हींतली एकच, आणि तीही दोन-तीन दिवसच. एवढ्या वापराने सवय लागत नाही. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिनवर इतकं परिणामकारक नाही, पण ज्यांना वरच्या गोळ्या चालत नाहीत त्यांना त्याचाच आधार घ्यावा लागतो.

कोणाला चालत नाहीत? पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, अशा वेदनाशामकांनी दम लागणारा अस्थमा, रक्त पातळ करणारी औषधं चालू असणं, गरोदरपण. आणि पावसाळ्यात ताप असेल व डेंग्यूची शंका असेल, तर पाळी असली तरी या गोळ्या नकोतच. मेफेनॅमिक ॲसिडबद्दल २०२३ च्या अखेरीस औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेने एक इशाराही दिला होता. क्वचित कोणाला औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं अशी गंभीर ॲलर्जी होऊ शकते. असं काही दिसलं तर गोळी बंद करायची आणि लगेच डॉक्टर गाठायचे.

गरम पाण्याच्या पिशवीचा शेक खरंच उपयोगी आहे, गोळीच्या जोडीने किंवा गोळी घ्यायची नसेल तर नुसताही. पिशवी टॉवेलात गुंडाळा. उघड्या त्वचेवर महिनोन्महिने कडक शेक घेतला की जाळीसारखे तपकिरी डाग पडतात.

आता पाळीआधीचे दिवस. छाती जड होणं, पोट फुगणं, झोप बिघडणं, गोडाची ओढ, पुरळ, क्षुल्लक गोष्टीवरून डोळ्यांत पाणी येणं. हे सगळं अंडं सुटल्यानंतरच्या पंधरवड्यात येतं आणि रक्तस्राव सुरू झाला की काही दिवसांत जातं. यात हार्मोन्सची पातळी सहसा नेहमीसारखीच असते. मेंदू त्या चढउताराला जास्त संवेदनशील असतो. म्हणून पीएमएससाठी, म्हणजे पाळीआधीच्या या त्रासासाठी, महागडं “हार्मोन प्रोफाइल” करून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा भिंतीवरचं कालनिर्णय कामाला लावा. सर्वांत छळणारी तीन लक्षणं निवडा आणि रोज रात्री प्रत्येक लक्षणाला ० ते ३ गुण द्या, सलग दोन पाळ्या. पाळीनंतरचा आठवडा स्वच्छ आणि आधीचा आठवडा भरलेला दिसला, तर ते पीएमएस. महिनाभर सारखेच गुण असतील, तर थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य यांकडे बघायला हवं.

उपायांत कॅल्शियमला बऱ्यापैकी आधार आहे, आहार धरून दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम. बी-६ जीवनसत्त्व मात्र मनाने वाढवत नेऊ नका, जास्त मात्रेने हातापायांच्या नसांना इजा होते. त्या दिवसांत जगणंच नको वाटत असेल, तर तो स्वभाव नाही. तो पीएमडीडी, म्हणजे पीएमएसचा तीव्र प्रकार, असू शकतो आणि त्यावर औषधं आहेत, काहींना ती फक्त पाळीआधीच्या दोन आठवड्यांत घेऊनही चालतात. असे विचार येत असतील तर पुढच्या पाळीची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

वेळ जुळत नसेल तेव्हा सावध व्हा. पाळी संपल्यावरही दुखणं, दरवर्षी ते वाढत जाणं, शौचाला बसताना किंवा संबंधांच्या वेळी कळ येणं, पंचविशीनंतर नव्यानेच दुखू लागणं. यामागे एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), ॲडिनोमायोसिस (तो गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं), गर्भाशयातल्या गाठी किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. सोनोग्राफी “नॉर्मल” आली म्हणून एंडोमेट्रिओसिस नाही असं होत नाही. “लग्न झालं की थांबेल” हा सल्ला तर वर्षं वाया घालवणारा आहे. आणि दर एक-दोन तासांनी पॅड भिजत असेल, किंवा आठ दिवसांच्या वर अंगावरून जात असेल, तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या.

या सगळ्याचं सर्वांत वाईट टोक आपण महाराष्ट्रातच पाहिलं. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. तोडणीत खाडा झाला की पैसे कापले जायचे, आणि पोटदुखी, अंगावरून पांढरं जाणं अशा तक्रारींवर ऐन तरुण बायकांना ऑपरेशन सांगितलं गेलं. पिशवी काढली तरी अंडाशय राहिले, तर पाळीआधीचा त्रास चालू राहू शकतो, कारण ते चक्र अंडाशयांचं आहे. तेही काढले, तर तिशीतच रजोनिवृत्ती येते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितलं तर हे विचारून घ्या: आजाराचं नाव काय? तो कोणत्या तपासणीत दिसला? हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू आधी वापरून पाहता येईल का? अंडाशय ठेवणार की काढणार? उत्तरं कागदावर लिहून मागा, आणि तो कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.