केबीसीची २५ लाखांची लॉटरी: खुलासा

‘घरबसल्या केबीसी खेळणाऱ्यांच्या मोबाइल नंबरांतून सोडत काढली, तुम्हाला २५ लाख लागले, व्हॉट्सअॅपवर मॅनेजरशी बोला’ असा मेसेज पुन्हा फिरतोय. सोबत अमिताभ बच्चन यांचा फोटो असतो, कधी ऑडिओ क्लिपही.

हा मेसेज खोटा आहे. मोबाइल नंबरांची अशी लॉटरी केबीसीत नसते. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही अशा मेसेजना बनावट म्हटलं आहे. टीव्हीसमोर बसून खेळायचं ‘प्ले अलाँग’ खरंच आहे, म्हणून तर मेसेज पटतो. पण ते सोनी लिव्ह अॅपमध्ये स्वतः उत्तरं देऊन खेळायचं असतं. न खेळलेल्यालाही बक्षीस लागल्याचा मेसेज येतो, एवढ्यावरूनही ओळखा.

खरी मेख पुढे आहे. फोन केला की ‘आधी टॅक्स भरा’ म्हणतात. रोख बक्षिसावरचा ३० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा कर, बक्षीस देणाराच कापून घेतो आणि उरलेली रक्कम देतो. विजेत्याने कुणा ‘मॅनेजर’च्या खात्यात आधी पैसे भरायचे, अशी पद्धतच नाही.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, ग्रुपवर असेल तर काढून टाका. कुणी पैसे भरले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.