तीन दिवस उपाशी ठेवलेला बजी पेलेट खायला शिकत नाही

मध्यंतरी ताईचा फोन आला. "अगं, मिठूच्या बिया कालपासून बंद केल्यात. उद्यापर्यंत कळ काढली की खाईल बघ पेलेट मुकाट्याने." मिठू म्हणजे तिचा बजी, बजरीगार जातीचा छोटा पोपट. पेलेट म्हणजे पक्ष्यांसाठी तयार केलेल्या खाद्याच्या बारीक गोळ्या. हे ज्ञान कुठून आलं विचारलं, तर तिने तो फिरता मेसेज पाठवला: 'लव्हबर्डला हेल्दी आहारावर आणण्याचे पाच नियम'. फोटो बजीचा, नाव लव्हबर्डचं. दुकानदार सरसकट तसंच म्हणतात, पण आहार शिकवायला निघालेल्याने निदान पक्षी तरी ओळखावा.

नियम पहिला: ७२ तास बिया बंद. कारण काय, तर "भूक लागली की मुलंही कारलं खातात." अहो, मुलाला कारलं हे अन्न आहे एवढं कळतं, फक्त आवडत नसतं. जन्मभर राळं सोलून खाल्लेल्या बजीच्या लेखी पेलेट म्हणजे खडी. वाटीत अन्न आहे हेच त्याला कळत नाही, आणि भुकेने ते कळत नाही. पक्षी सगळा मिळून ३०-४० ग्रॅमचा, अंगात साठा असून असून किती असणार? एक-दोन दिवसांच्या उपासातही तो दगावू शकतो. शिवाय आजारपण लपवायची त्याची जात. पिसं फुलवून तो दांडीवर गप्प बसला की माणसं म्हणतात, रुसलाय. पिंजऱ्यातला कागद बघा. शी कमी झाली, हिरवट-काळी पडली, तर पोटात काही जात नाहीये.

आणि वाटी 'भरलेली' दिसते म्हणून निश्चिंत राहू नका. बजी बी सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो. फुंकर मारून बघा, खाली काय उरतं ते.

दुसरा नियम, 'नुसत्या बिया म्हणजे विष'. विष वगैरे काही नाही, पण नाइलाजाने कबूल करते की यात तथ्य आहे. नुसत्या राळं-बाजरीवर अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं, सूर्यफुलाच्या बियांनी चरबी चढते. आहार बदलायला हवाच. भांडण आहे ते बदलायच्या पद्धतीशी.

तिसरा वाचून मी उडालेच: 'सुपरफूड अ‍ॅव्होकाडो रोज थोडा द्या'. जनावरांचे डॉक्टर जे वापरतात त्या मर्क व्हेटर्नरी मॅन्युअलमध्ये अ‍ॅव्होकाडोच्या विषबाधेवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात बजीचं उदाहरण आहे. १ ग्रॅम गराने पक्षी अस्वस्थ झाले, पिसं उपटू लागले, ८.७ ग्रॅमने ४८ तासांच्या आत मेले. हा गर चहाचे दोन चमचेही भरत नाही.

उरलेले दोन. पाण्यात व्हिटॅमिनचे थेंब: चव बदलली की पक्षी पाणी कमी पितो, आणि आपल्या उन्हाळ्यात ते पाणी दुपारपर्यंत खराब होतं. वाळू-खडे: बी सोलून खाणाऱ्याला त्यांची गरज नसते. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा, म्हणजे माकूळच्या आतल्या पांढऱ्या कवचाचा, तुकडा अडकवा, पुरे.

मग करायचं काय? बिया चालूच ठेवायच्या. त्यांच्यात पेलेटचा चुरा अगदी थोडा, आणि तो वाढवायचा आठवड्या-आठवड्याने. सकाळी भूक असते तेव्हा धुतलेली ओली मेथी किंवा कोथिंबीर दांडीजवळ बांधायची, गाजर किसून ठेवायचं, आणि त्याच्यासमोर आपणही त्यातलंच थोडं खायचं. हसू नका, थव्यातला पक्षी दुसऱ्याचं बघून खातो. रोज एकाच वेळी वजन करायचं, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. ३५ ग्रॅमचा पक्षी ३२ वर आला तर प्रयोग बंद, आधीच्या बिया परत आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन.

ताईने फोन ठेवायच्या आधीच वाटीत राळं ओतलं. आवाज मला ऐकू आला. याला आता तीन आठवडे झाले. मिठूने काल मेथीचा देठ कुरतडला म्हणे. पेलेट अजून वाटीबाहेर फेकतोय.