'ठोकला नाही तो पाईलच नव्हे': कृष्णाकाठी फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगली-मिरज भागात सध्या एक व्हिडिओ या मोबाईलवरून त्या मोबाईलवर जातो आहे. नदीकाठी पुलाचं काम चालू आहे, पाईल, म्हणजे पुलाचा भार खोल जमिनीत नेणारा पायाचा खांब, घालण्यासाठी रिग (भोक पाडायचं यंत्र) जमिनीत भोक पाडते आहे आणि त्या भोकातल्या गढूळ पाण्यातच काँक्रीट सोडलं जातंय. खाली मजकूर असा: 'इंग्रजांनी घण मारून पाईल ठोकले म्हणून त्यांचे पूल शंभर वर्षं टिकले. हल्ली भोक पाडून चिखलात काँक्रीट ओततात. ठोकलेला पाईल किती घट्ट बसला ते दर ठोक्याला कळतं, ओतलेल्याचं काहीच कळत नाही. पुढच्या महापुरात हा पूल जाणार.' २०१९ चं पाणी ज्यांच्या घरात शिरलं होतं त्यांना हे वाचून धास्ती वाटणारच. म्हणून एकेक मुद्दा नीट तपासू.

'इंग्रजांनी घण मारला म्हणून पूल टिकले.' घण इंग्रजांचा नाही. सीझरच्या रोमन फौजेने इ.स.पू. ५५ मध्ये ऱ्हाईन नदीत लाकडी खांब ठोकून दहा दिवसांत पूल उभा केला होता. इंग्लंडची खरी भर म्हणजे वाफेचा घण. जेम्स नॅस्मिथ या अभियंत्याने १८४५ मध्ये डेव्हनपोर्टच्या गोदीत माणसांच्या टोळीशी शर्यत लावली. त्याने लिहून ठेवल्याप्रमाणे यंत्राने साडेचार मिनिटांत पाईल बसवला आणि टोळीला बारा तासांहून जास्त लागले. त्याची युक्ती साधी होती: वजन फार उंचावरून टाकायचं नाही, जड घण थोड्या उंचीवरून पण भराभर पाडायचा, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये माती पुन्हा आवळायला वेळ मिळत नाही.

पण हेच इंग्रज भारतातल्या मोठ्या नद्यांवर आले तेव्हा त्यांनी इथलीच पद्धत उचलली, विहिरीच्या पायाची. विटांची पोकळ विहीर बांधायची, आतली माती उपसत जायची आणि विहीर स्वतःच्या वजनाने खाली उतरवायची. ताजमहालाची यमुनेकडची बाजू अशाच विहिरींवर आहे आणि १८५४ च्या गंगा कालव्याचा रुडकीजवळचा सोलानी जलसेतूही. त्यात घणाचा ठोका नाही. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ पासून उभा आहे याचा अभिमान मलाही आहे, पण त्याच्या वयावरून त्याच्याखाली घण मारला होता असं ठरत नाही. आणि महाडचा सावित्रीवरचा पूलही इंग्रजी अमलातलाच होता. तो २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला.

'खरा पाईल ठोकूनच बसतो.' जमीन खोलवर मऊ असेल तिथे हे बरोबर आहे. मुंबई हायचे तेलाचे प्लॅटफॉर्म समुद्रतळात ठोकलेल्या पोलादी पाईलवरच उभे आहेत. आपल्याकडे मात्र वर काळी माती किंवा नदीचा गाळ, मग मुरूम आणि खाली बेसाल्टचा कातळ. घणाचा ठोका पाईलमधून दाबाची लाट होऊन सेकंदाला साधारण चार हजार मीटर वेगाने खाली जातो. टोक मऊ मातीत असेल तर ही लाट ताण होऊन परत येते आणि काँक्रीट ताणाला कच्चं असल्याने आडव्या भेगा पडतात. टोक कातळावर टेकलं असेल तर दाब जवळपास दुप्पट होतो आणि टोक चिरडतं. वर आणखी जोर लावला की नुकसान तेवढं वाढतं. म्हणजे ठोकून पाईल कातळापर्यंत नेता येईल, कातळात नेता येणार नाही. (काळ्या रानात बंगला बांधताना घालतात तो फुगीर बुडाचा पाईलही रुडकीच्या संशोधन संस्थेने अशा मातीसाठीच घडवला. तोही भोक पाडून आत ओतलेलाच असतो.)

'दर ठोक्याला घट्टपणा कळतो.' या समजामागचं एक प्रसिद्ध सूत्र म्हणजे अमेरिकी अभियंता वेलिंग्टन याचं १८८८ चं. घणाचं वजन गुणिले उंची, भागिले ठोक्याला पाईल किती उतरला ते अधिक एक इंच, आणि सुरक्षिततेसाठी पुन्हा सहाने भाग. तीन टनांचा घण एक मीटरवरून पडला आणि पाईल ५ मिलिमीटर उतरला, तर उत्तर सुमारे साडेसोळा टन. अजिबात उतरला नाही तर २० टन. आता पाईल कातळावर टेकला की वाटेतल्या एखाद्या मोठ्या धोंड्यावर, हे या सूत्राला ओळखता येत नाही. चिकणमातीत तर ठोकताना माती सैल पडते आणि काही दिवसांनी आवळते, त्यामुळे ठोकतानाचा आकडा आणि नंतरची ताकद जुळत नाहीत.

'चिखलात काँक्रीट ओततात.' भोकात दिसतं ते बहुधा बेंटोनाइट मातीचं मिश्रण असतं, पाण्याहून किंचित जड. भोकाच्या भिंती ढासळू नयेत म्हणून ते मुद्दाम भरतात. काँक्रीट वरून ओतत नाहीत. ट्रिमी पाईप तळापर्यंत सोडतात आणि त्यातून काँक्रीट खालून वर भरत येतं. पाईपचं टोक सतत काँक्रीटमध्ये बुडालेलं असतं, त्यामुळे बेंटोनाइटशी गाठ पडते ती फक्त सगळ्यात वरच्या थराची. तो थर पुढे फोडून काढतात.

तरी मेसेज लिहिणाऱ्याची काळजी इथे पूर्ण निराधार नाही. ट्रिमी घाईने वर ओढली तर मध्ये चिखलाचा थर बसतो. तळ धुतला नाही तर पाईल गाळावर उभा राहतो. या कामात चूक होते ती इथेच, आणि प्रश्न विचारायचे तेही इथलेच.

'ओतलेल्याचं काहीच कळत नाही.' कळतं, आणि मोजून कळतं. एक मीटर व्यासाचा, १५ मीटर खोल पाईल म्हणजे सुमारे ११.८ घनमीटर काँक्रीट. दहाच घनमीटरमध्ये भरला तर कुठेतरी भोक आवळलं आहे. पाईल पक्का झाल्यावर डोक्यावर हातातल्या छोट्या हातोडीने टकटक करतात आणि परत येणारी लाट यंत्रावर पाहतात. सेकंदाला चार हजार मीटरच्या वरच्या हिशेबाने १५ मीटरच्या तळापर्यंत जाऊन ती साडेसात मिलिसेकंदात परत यायला हवी. आधीच आली तर मध्ये दोष आहे. शिवाय काही निवडक पाईलवर कामाच्या दीडपट भार चढवून तो किती दबतो ते मोजतात. भारतीय मानक २९११ मध्ये ठोकलेल्या आणि ओतलेल्या पाईलना वेगवेगळे विभाग आहेत. ओतलेला पाईल ही ठेकेदाराने काढलेली पळवाट नाही.

'महापुरात जाणार.' पुरात पुलाला खरा धोका असतो तो पाणी पायाजवळची माती खरवडून नेतं तेव्हा. नुसता मातीत रुतलेला पाईल तेव्हा उघडा पडतो. कातळात छिन्नीने किंवा रिगने भोक पाडून आत गुंतवलेल्या पाईलला माती गेली तरी पकड राहते. कृष्णेच्या पात्रात म्हणूनच ही पद्धत घेतात.

ज्यांना शंका आहे त्यांनी व्हिडिओ पुढे ढकलण्याऐवजी पाईलची नोंदवही मागावी. कातळ किती मीटरवर लागला, त्यात पाईल किती गेला, तळ कधी धुतला, काँक्रीट किती लागलं, हे त्यात पाईलवार लिहिलेलं असतं. सरकारी काम असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नोंदींच्या प्रती मिळतात आणि प्रत्यक्ष कामाची पाहणीही करता येते.