घागर, मोबाईल आणि रिकामा वेळ

दादा, रोबोट कामं करू लागले आणि सगळ्यांना सगळं पुरेल एवढं झालं तर माणसं वेळेचं काय करतील, असं मी मागं लिहिलं होतं. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेत तुम्हाला ते एसीत बसून मारलेल्या गप्पा वाटल्या. "आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी, शेताला रात्रीची लाईट. आधी घागरभर पाणी द्या, मग रोबोटचं बोला," असं तुमचं म्हणणं. वर हेही की रिकामा वेळ मिळाला तर लोक पारावर मोबाईल चोळत बसतील.

तुम्ही धरून चाललात की आधी सगळी टंचाई संपते आणि मगच मुबलकता येते. आपल्या मराठवाड्यात असा क्रम कधी होता? 2016 आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ सुरू झालं आणि इंटरनेट जवळपास फुकट झालं. पुढच्या उन्हाळ्यांत टँकरची वाट बघत माणसं व्हिडिओ बघू लागली. एक गोष्ट उतू जात होती, दुसरी मिळत नव्हती, आणि दोन्ही एकाच गल्लीत.

एक वस्तू स्वस्त झाली की टंचाई तिच्या शेजारी जाऊन बसते, एवढंच मला म्हणायचं होतं. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीजबिल नाही. सोलर पंप बसला तर रात्री बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणंही टळतं, साप-किरडाची भीती जाते. चांगलंच झालं. पण आपल्याखाली काळा पाषाण. पाणी काय ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. उपसायला पैसे पडत नाहीत म्हटल्यावर मोटार बंद कोण करणार? इंजिनं कमी कोळशात चालू लागली तसा इंग्लंडात कोळसा उलट जास्त जळू लागला, हे तिथल्या अर्थतज्ज्ञ जेव्हन्सनं 1865 सालीच लिहून ठेवलंय. आपल्याकडं कोळशाच्या जागी बोअर आहे.

म्हणून मी यंत्रापेक्षा पाणी कुणाला सोडायचं ते बघणाऱ्या वॉलमनकडं जास्त बघतो. जायकवाडी धरणाचंच घ्या. वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं का, हे 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के साठा आहे की नाही यावर ठरत आलंय. समन्यायी वाटपाचा कायदा 2005 चा, तरी दर तुटीच्या वर्षी भांडण कोर्टात जातं. तिथं कुठलं ॲप उपयोगी पडणार?

ऊसतोडीचंही तसंच. हार्वेस्टर आला याचं मला वाईट वाटत नाही. थंडीत पहाटे फडात उतरणं कुणाच्याच वाट्याला येऊ नये. पण वाचलेल्या कष्टाचा पैसा मशीनवाल्याकडं जातो आणि ज्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला, मुकादम उचल म्हणून आगाऊ पैसे देत होता, त्याला देईनासा होतो. फुरसत नावाची गोष्ट त्या जोडप्यापर्यंत पोचतच नाही, पोचते ती बेकारी. इथं तुम्ही "मग मशीन नको" म्हणाल. मी म्हणतो, मशीनच्या कमाईत त्यांचा वाटा हवा. हे ऐकायला हवेतलं वाटतं, पण 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांना काम मिळणं हा हक्क आहे, हेही तसंच वाटलं असेल. 1977 मध्ये त्याचा रोजगार हमी कायदा झाला आणि 2005 मध्ये तोच विचार अख्ख्या देशानं घेतला.

राहिला पार. अर्थतज्ज्ञ केन्सनं 1930 मध्ये म्हटलं होतं की शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. मुदत संपत आली, तास काही पंधरावर आले नाहीत. पण रिकामपणाला घाबरायचं कारण मला दिसत नाही. सुगी आटोपल्यापासून मृगापर्यंत आपली गावं पिढ्यान्‌पिढ्या मोकळी असायची. त्यातच सप्ताह बसले, जत्रा भरल्या, कुस्त्यांचे फड रंगले. चार जण मोबाईल चोळतील, चोळू द्या की. पूर्वी पत्ते कुटायचेच.

खरी गोची दुसरीकडं आहे. पिठाची गिरणी आली, पहाटेचं जातं सुटलं. ते वाचलेले तास बायकांच्या हाती राहिले नाहीत, रोजंदारीत आणि पाण्याच्या खेपांत गेले. गिरणीनं वेळ दिला आणि घरानं तो परत घेतला. तेव्हा पारावर बसणाऱ्यांची काळजी सोडा. तुमच्या गावच्या त्या पारावर दुपारी एखादी बाई रिकामी बसलेली कधी पाहिलीत का, तेवढं मात्र पुढच्या प्रतिक्रियेत कळवा.